लाल खुणेची मेंढी

६ फेब्रुवारी, नाशिक

दुपारभर जुन्या साड्यांचे फॉल उसवले. साड्या बीड जिल्ह्यात, तलवाड्याला न्यायच्या होत्या. तिथे माझ्या थोरल्या बहिणीचं, शालनआक्काचं सासर आहे. त्या भागात रानडुकरं आणि हरणं उभ्या पिकात घुसतात, म्हणून शेताभोवती काठ्या रोवून त्यांना जुन्या साड्या बांधतात. फॉल वेगळे काढले की बांधायला आयत्या पट्ट्या मिळतात. आक्काचा फोनवर एकच हुकूम होता, "सगळ्या लालच आण. लाल दिसलं की डुक्कर माघारी फिरतंय."

आमच्या इमारतीतल्या बायकांनी एकतीस साड्या दिल्या. त्यांत लाल म्हणाव्यात अशा अकराच निघाल्या. मी सगळ्याच बांधून घेतल्या. बावीस वर्षं मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात नंबर तपासायचं काम करते. डुकराला लाल रंग कसा दिसत असेल याची मला थोडीफार कल्पना आहे. पण थोरल्या बहिणीला फोनवरून काही पटवून देता येतं, असा माझा अनुभव नाही.

७ फेब्रुवारी, गेवराईहून तलवाडा

गेवराईच्या बसस्थानकावर उतरताना गाठोड्याची गाठ सुटली आणि सात-आठ साड्या बसच्या पायरीवरून खाली घरंगळल्या. एक जांभळी साडी कंडक्टरच्या पायात अडकली. तो म्हणाला, "मावशी, लग्नाचा बस्ता हाय का काय?"

"नाही, डुकरांसाठी आहेत."

"मजा हाय डुकरांची. आमच्या घरी दिवाळीला एक आणली तर लई झालं."

मागच्या दोन माणसांनी न हसता साड्या गोळा करून दिल्या. त्यांच्या शेतांवरही असंच कुंपण असणार.

गेवराईपासून पुढे वाटेतच ते दिसायला लागलं. महामार्ग सोडला, वाळूचे ट्रक मागे पडले आणि दोन्ही बाजूंना साड्यांनी वेढलेली शेतं सुरू झाली. गुलाबी, पोपटी, केशरी, जरीच्या, बांधणीच्या. उन्हानं रंग उडालेल्या, वाऱ्यानं चिंध्या झालेल्या. नाशिककडे द्राक्षबागांवर एकाच रंगाची जाळी असते, दिसायला नीटनेटकी. इथे हरभऱ्याच्या एका तुकड्याला चार घरांतल्या बायकांचा पदर लागलेला.

आक्कानं जेवायला ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा केला होता. पाला कच्चाच, त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट आणि वरून करडईचं कच्चं तेल. आम्ही तो पाला शिजवून खातो. इतकी वर्षं उगाच शिजवला, असं वाटलं.

जेवल्यावर आक्का मला कापूस निघालेलं रान दाखवायला घेऊन गेली. तिथे मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे शेणखत ट्रॉलीनं येतं, इथे ते स्वतःच्या पायांनी चालत येतं. मेंढपाळ चारीकडून जाळी लावून पाच-सहा रात्री कळप शेतात बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य. यंदाचा कळप आष्टीकडचा होता आणि दोन घरांचा. एक घर महादूचं. हा तिशीतला, उंच, कमी बोलणारा माणूस. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. दुसरं घर त्याच्या वहिनीचं, सखूबाईचं. तिचा नवरा, म्हणजे महादूचा थोरला भाऊ, तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती लेकीला घेऊन दिराच्या सोबतीनं मेंढ्यांमागे फिरते.

आम्ही पोचलो तेव्हा दोघांत जुंपली होती.

"भावजी, माझी मेंढी वन्संकडं कशी गेली ते सांगा."

"सांगितलं की वहिनी. लाल्यानं मिसळली. म्या माझी समजून दिली. तुमी माझ्यातली एक घ्या."

"मी कावून घेऊ तुमची? कळपात कुत्र्यानं मिसळली म्हणता, मग पिकअपमधी बी कुत्र्यानंच चढवली का?"

महादू जाळीची खुंटी ठोकायला वळला. लाल्या नावाचा तांबूस कुत्रा आपलं नाव निघाल्यावर शेपटी हलवून पुन्हा झोपला.

परत येताना आक्कानं भांडणाचं मूळ सांगितलं. धनगराला आपली मेंढी ओळखायला अंगावर खूण लागत नाही. आपण माणसं ओळखतो तशी तो तोंडावरून ओळखतो. पण महिन्यापूर्वी या दोघांनी आष्टीच्या बाजारातून एकाच माणसाच्या वीस मेंढ्या घेतल्या होत्या. सगळ्या एका वयाच्या, पांढऱ्या, बहिणी-बहिणीच म्हणा. त्यांची तोंडओळख व्हायला वेळ लागणार, म्हणून सखूबाईनं तोवरची खूण म्हणून पाठीवर रंग लावला. आपल्या दहांना लाल, दिराच्या दहांना हिरवा. मग महादूची बहीण भेटायला आली. माहेरची भेट म्हणून त्यानं तिला एक मेंढी दिली. दोन दिवसांनी तिचा सखूबाईला फोन आला, लाल खुणेची मेंढी लई गुणाची निघाली म्हणून.

"तेव्हापासून असं चालू हाय," आक्का म्हणाली. "रोज सांजेला तिच्या दोन-तीन मेंढ्या ह्याच्या जाळीत असतात. ती म्हणते, नवरा गेल्यावर ही किती दबते ते दीर चाचपून बघायलाय. तिचा भाऊ परवा सकाळी टेम्पो घेऊन येणार हाय. ती मेंढरं घेऊन वेगळी होणार."

"एकटीला जमेल?"

"कशाचं जमतंय? दोन बायामाणसांनी एवढा कळप घेऊन रानोमाळ फिरायचं का? इकून टाकील. आन तिच्या मेंढरांबिगर ह्याचा एकट्याचा एवढासा कळप कोणी रानात बसवून बी घ्यायचं न्हाई."

आक्काला दोघांचीही कणव नव्हती, तिला खताची काळजी होती. ठरल्यापैकी दोनच रात्री झाल्या होत्या.

८ फेब्रुवारी, आक्काचा मळा

सकाळी काठ्या रोवून साड्या बांधायला घेतल्या. फॉलच्या पट्ट्यांचे मी दोन मोठे गोळे केले होते, एक लाल आणि एक निळा. लाल्या सोबतीला आला होता. निळा गोळा हातातून सुटून शेजारच्या लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्यात पडला, तर त्यानं तो सरळ जाऊन आणून दिला. थोड्या वेळानं लाल पडला. कुत्रा धावत गेला, गोळ्यापासून हातभरावरून पुढे गेला, परत आला आणि घासात नाक घालून फिरत राहिला. मला तो गोळा बांधावरून लख्ख दिसत होता.

दवाखान्याच्या सवयीनं मी एका उत्तरावर विश्वास ठेवत नाही. वारा त्याच्या पाठीकडून वाहील अशा जागी उभी राहून दोन्ही गोळे चार-चार वेळा टाकले. निळा प्रत्येक वेळी सरळ. लाल फक्त एकदा, तोही पाय पडला म्हणून.

यात कुत्र्याचं काही चुकत नाही. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात. लाल आणि हिरवा एकाच मळकट पिवळ्या-तपकिरीत जमा होतात. कुत्र्याला सगळं काळंपांढरं दिसतं असं लोक सांगतात, ते चूक आहे. डुक्कर आणि हरीण जवळपास याच पंगतीतले. म्हणजे आक्काच्या लाल साडीला डुक्कर भीत असेल, तर तिच्या फडफडीला आणि माणसाच्या वासाला भीत असेल.

बांधावर पळस फुलायला लागला होता. त्याच्यावर साळुंक्यांचा गोंधळ चालला होता. पक्ष्यांच्या डोळ्यांत आपल्यापेक्षा एक प्रकार जास्त असतो, त्यांना लाल उत्तम दिसतो. मधमाशीला लाल जवळपास कळत नाही, पण जांभळ्याच्या पलीकडचं काहीतरी दिसतं, जे आपल्याला कधीच दिसणार नाही. एकच बांध, एकच सकाळ, आणि जो तो आपापल्या डोळ्यांपुरतं रान बघतोय. यात कोणाची कीव करण्यासारखं काही नाही. लाल्याला तिन्हीसांजेला जे दिसतं आणि वाऱ्यावरून जे कळतं, त्याच्या पासंगालाही मी पुरणार नाही.

तेवढ्यात महादू विहिरीवर पाणी न्यायला आला. माझे हात काठीत गुंतलेले होते. मी म्हटलं, "महादू, तो घासातला लाल गोळा जरा दे रे."

तो गेला, वाकला. काठीनं घास बाजूला केला. कुत्रा गेला होता तसाच हातभरावरून पुढे गेला, मागे वळला आणि म्हणाला, "कुत्र्यानं नेला वाटतं मावशी."

गोळा त्याच्या डाव्या पायाशी होता.

वाहन परवान्याच्या दाखल्यासाठी आमच्याकडे रोज माणसं येतात. रंगीत ठिपक्यांचा तक्ता समोर धरला की काही जण भराभर आकडे सांगतात. ते पाठ करून आलेले असतात. मी तक्ता उलटा धरते. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे येतं, ते महादूच्या तोंडावर आलं होतं.

"पिकलेली मिरची कशी तोडतोस?" मी विचारलं.

"बायको तोडती."

"आणि रंग लावलेल्या मेंढ्या कोण वेगळ्या करायचं?"

"तीच. माहेरी जाईस्तोवर." मग काठी बाजूला ठेवून, "तुमी नक्की कोण हाव मावशी?"

मी सांगितलं. हा आजार नाही, याला औषध नाही आणि हा वाढतही नाही, हेही सांगितलं. आईच्या रक्तातून मुलाकडे येतं, बहुतेक पुरुषांतच दिसतं. आमच्याकडे बँकेतले, शाळेतले, दुकानदार, सगळे येतात. तो बांधावर बसला. लाल्या येऊन त्याच्या पायाशी बसला.

"लहानपणी मला वाटायचं समद्यांनाच असं दिसतंय, लोक उगाच दोन नावं घेतात," तो म्हणाला. "मेंढीच्या पायातलं रगत गवतावर पडलं तर मला दिसत न्हाई. बोट लावून बघतो, चिकट हाय का. मावशी, धनगराच्या पोराला रगत दिसत न्हाई म्हणल्यावर कोण मेंढरं देईल राखायला? आंधळा म्हणतील बाजारात."

"वहिनी तुला चोर म्हणते, ते चालतं?"

"चोर म्हणली तर एकटी वहिनी म्हणती. आंधळं सगळे म्हणतील."

हे सगळं त्यानं चुकीचं मांडलंय, असं म्हणता येईना.

"हिरवा का कबूल केलास मग?"

"वहिनीनं रंग कालवले, इचारलं बी न्हाई. न्हाई म्हणलो असतो तर कावून म्हणून इचारलं असतं."

तूच जाऊन सांग, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा त्यानं मान हलवली. दवाखान्यात नियम सोपा आहे, चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात द्यायची. नवरा आला तरी बायकोची चिठ्ठी त्याला द्यायची नाही. इथे मी काही दवाखान्यात नव्हते, पण नियम काय खुर्चीला बांधलेला असतो का?

"बरं," मी म्हटलं. "कुत्र्याचं सांगितलं तर चालेल?"

त्यानं लाल्याकडे बघितलं. "कुत्र्याचं सांगा. त्याला काय लाज हाय?"

चारच्या सुमाराला सखूबाईकडे गेले. तिनं तीन दगडांच्या चुलीवर मेंढीच्या दुधाचा चहा ठेवला. दाट, किंचित खारा लागणारा. सवय नसेल तर पहिला घोट अवघड, दुसरा बरा. तिची लेक जाळीची भोकं शिवत होती. मी दोन्ही गोळे घेऊन गेले होते. शेजारच्या हिरव्या तणात ते टाकून लाल्याची परीक्षा तिच्यासमोर पुन्हा घेतली. ती चहा विसरून बघत राहिली. मग मी पेशींचं आणि रंगांचं सगळं सांगितलं.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हाव, तुमचं खरं असंल. पर कुत्रं रंग बघून मेंढरं वळत न्हाई, वासानं वळतंय. आन पिकअपमधी मेंढी माणसानं चढवली."

या बाईला फसवणं सोपं नव्हतं आणि मला फसवायचंही नव्हतं. मी नुसता चहा घेत बसले. जे सांगायचं नाही ते सांगायचं नाही. पण खोटंही बोलायचं नाही. मग गप्प राहण्याखेरीज उरतं काय?

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. लाल गोळा उचलून हातात फिरवला, मग तणावर धरला, मग पुन्हा जवळ घेतला.

"आमचे मालक दर दिवाळीला लुगडं आणायचे," ती म्हणाली. "मी म्हणायची, हिरवं आणा. तर आणायचे तांबडं. एकदा न्हाई, चारदा. मी म्हणायची, बायकोचं बोलणं ध्यानात राहत न्हाई का तुमच्या? पाचव्या वर्षापासून मला संगं न्यायला लागले. दुकानात म्हणायचे, तूच उचल, माझं काय खरं हाय? मला वाटलं, राग आला असंल माझा."

लेकीनं सुई थांबवली. "आये, आबाला असं व्हतं?"

"तू शीव." सखूबाई माझ्याकडे वळली. "एका आईची लेकरं, दोघं बी."

मी निळा गोळा गुंडाळत राहिले.

"निळं दिसतंय म्हणता तुमी. कुत्र्याला."

"चांगलं दिसतं."

"मंग उद्या निळं लावू," ती म्हणाली आणि उरलेला चहा माझ्या कपात ओतला. "कुत्र्यासाठी."

९ फेब्रुवारी, सकाळ

आक्काची कपड्यांना घालायची नीळ आणि करडईचं तेल मी एका डब्यात घट्ट कालवलं. तेल जास्त झालं तर ओघळतं, हे पहिल्या मेंढीनं माझ्या साडीवर दाखवून दिलं. नव्या एकोणीस मेंढ्याच एका जाळीत घेतल्या होत्या. सखूबाईच्या लेकीनं एकेक धरली, सखूबाईनं पाठीवरचा हिरवा बघून हिच्या कपाळाला लावा म्हणून सांगितलं आणि मी बोटानं कपाळावर निळा पट्टा ओढत गेले. दहाही झाल्या. महादू जाळीबाहेर उभा होता.

"भावजी," सखूबाई म्हणाली, "येगळी करा बघू तुमची."

तो आत गेला. मी मुद्दाम त्याच्याकडे न बघता हात पुसत होते, पण कानावर येत होतं. चक, चक, अशी जिभेची साद आणि खुरांचा आवाज. हात कोरडे व्हायच्या आत दहा निळ्या एका बाजूला आल्या होत्या आणि नऊ लाल दुसऱ्या बाजूला. कोणाला विचारलं नाही, कशाला बोट लावून बघितलं नाही. लाल्या मध्ये उभा राहून भुंकत होता. त्याला श्रेय हवं असावं.

तेवढ्यात सखूबाईचा भाऊ टेम्पो घेऊन आला. खाली उतरून बाह्या सरसावत म्हणाला, "चल, काय काय भरायचं?"

"काय भरायचं न्हाई दादा. च्या घे."

"आगं, एवढ्या लांबून बोलावलंस..."

"कुत्र्यानं घोटाळा केलता. कळलं आता." मग दिराकडे वळून, "भावजी, वन्संला फोन लावा. ती मेंढी आपल्या दोघांकडून गेली म्हणून सांगा."

महादूनं फोन काढला, पण लावला नाही. तिथेच उभा राहिला. वहिनीकडे बघवेना म्हणून असेल, कुत्र्याकडे बघत राहिला. "तुमी कसं..." एवढंच म्हणाला.

"आदी फोन लावा," ती म्हणाली. "रेंज जाईल."

मी तिथून निघाले. माझी दुपारची बस होती आणि कुंपणाची रानाकडची आणि घराकडची बाजू उघडीच होती. काठ्या आक्कानं रोवून ठेवल्या होत्या. निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या साड्या मी रानाकडच्या बाजूनं, फडफडतील अशा सैल बांधल्या. लाल अकरा घराकडच्या अंगाला, एका ओळीत.

आक्का डोक्यावर घासाचा भारा घेऊन आली आणि कुंपणाकडे बघत उभी राहिली. "आगं, रानाकडनं निळ्या बांधल्यास? लाल समद्या घराकडं? तिकडून कुठं येतंय डुक्कर?"

"रानाकडच्या डुकरांसाठी," मी शेवटची गाठ मारत म्हटलं. "घराकडच्या तुझ्यासाठी."